पाठवण्याआधीची चार मिनिटं

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, समासात खुणा करायच्या. दिवसभरात कुणाशी तोंडाने बोलावं लागलं नाही, तर तो दिवस चांगला गेला असं मी धरते. अशा बाईने मेसेजिंग अॅपांचं परीक्षण लिहायला बसावं यात नवल नाही, उशीर झाला एवढंच. पंचवीसहून जास्त वर्षं वापरते आहे.

अॅपांची परीक्षणं मी वाचते. ती लिहिणारे लोक धीट असतात हे पहिल्या चार ओळींतच कळतं. फोटो किती वेगाने जातो, अॅप फोनमधली किती जागा खातं, व्हिडिओ कॉलवर किती जण बसतात, हे ते मोजतात. मला यातलं काही मोजायचं नाही. ‘हॅलो’ म्हणण्याआधी ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्या हातात ही वस्तू कशी चालते, एवढाच माझा प्रश्न आहे. वेग तर मला नकोच आहे.

आधी शब्द नीट लावून घेते, धंद्याची सवय. अबोल माणसाला बोलायचं नसतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. बुजऱ्याला बोलायचं असतं, पण वेळेवर तोंड उघडत नाही. भिडस्ताचं तोंड उघडतं, फक्त ‘नाही’ हा एक शब्द त्यातून निघत नाही. आणि घुमा तो, जो गप्प असला की याच्या मनात काहीतरी शिजतंय अशी लोकांना खात्री असते. मी बुजरी आणि भिडस्त आहे, लोक समजतात घुमी. या सगळ्यांना एका टोपलीत टाकून ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणायची आता पद्धत पडली आहे. त्यात बुजऱ्यांवर अन्याय होतो, कारण आम्हाला माणसं हवी असतात. आणि आम्ही थोडेथोडके नाही. फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात लाजाळूपणाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू आहोत असं सांगितलं. आयुष्यात कधी ना कधी लाजाळू होतो म्हणणारे तर ८० टक्क्यांच्या वर निघाले. प्रश्नावली होती म्हणून सांगितलं. उभं करून विचारलं असतं तर आकडा शून्यावर आला असता.

समोरासमोर बोलणं म्हणजे, माझ्या भाषेत, पहिलाच खर्डा थेट छपाईला धाडणं. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, बघायला मिळत नाही. वाक्य तोंडातून गेलं की गेलं, आणि मग रात्री अंथरुणावर त्यातल्या चुका एकेक करून दिसायला लागतात. शिवाय संकोची माणसाच्या डोक्यात त्या वेळी दोन कामं एकदम चालू असतात. काय बोलायचं ते शोधणं हे एक, आणि बोलताना आपण कसे दिसतोय त्यावर पहारा ठेवणं हे दुसरं. पहाऱ्यातच सगळी ताकद जाते. मेसेजमध्ये पहारा उठतो. कान लाल झालेले कुणाला दिसत नाहीत, आवाज चिरकत नाही, हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो कारण ते टाइप करत असतात. आणि प्रूफ मिळतं. एक, दोन, हवी तितकी. लाजाळू माणसं पडद्यामागे लपतात असं म्हणतात, पण मला लपायचं नसतं, मला वेळ हवा असतो. म्हणून माझी कसोटी एकच: हे अॅप मला वेळ देतं, की एका हाताने दिलेला वेळ दुसऱ्या हाताने काढून घेतं?

या कसोटीला सगळ्यांत चांगला उतरतो तो जुना एसएमएस. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंजिनिअरने पहिला एसएमएस पाठवला, ‘मेरी ख्रिसमस’. त्याने तो कॉम्प्युटरवर टाइप केला होता आणि तो पोहोचला व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर. जार्विस यांचं उत्तर आलं नाही, कारण त्या फोनवरून मेसेज पाठवायची सोयच नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते. उत्तर न देण्यासाठी इतकं सज्जड कारण त्यानंतर कुणाला मिळालं नाही.

एसएमएसची जागा १४० बाइटची. त्यात रोमन अक्षरं १६० मावतात आणि देवनागरी फक्त ७०, तीही काना, मात्रा, हलन्त सुटे मोजून. ‘प्रत्येक’ या एका शब्दाला आठ घरं लागतात. लोक यावर वैतागत, मी मात्र खूश होते. सत्तर घरांत पाल्हाळ बसत नाही. मी दोन शब्दांत उत्तर दिलं तर तो तुसडेपणा न ठरता जागेची अडचण ठरायची. ‘पाहिलंस का’ अशी खूण नव्हती, ‘ऑनलाइन’ नव्हतं. मेसेज पाठवला की फोन उपडा ठेवायचा आणि आपलं काम करायचं.

चॅट मला त्याआधी भेटलं होतं, १९९८ मध्ये, कॉलेजच्या संगणक-कक्षात. आयसीक्यू. मिराबिलिस नावाच्या इस्रायली कंपनीने ते १९९६ मध्ये काढलं होतं आणि त्यात ‘अदृश्य’ अशी एक अवस्था होती. आपल्याला बाकीचे दिसतात, आपण कुणाला दिसत नाही. पहिले काही आठवडे मी त्या अवस्थेतून बाहेर आलेच नाही. पडद्यावर हिरवी फुलं बघत बसायची. (२६ जून २०२४ रोजी आयसीक्यू कायमचं बंद झालं. त्या दिवशी मी माझा नंबर आठवून पाहिला. अजून पाठ आहे.)

अदृश्यातून बाहेर काढलं ते दुसऱ्या शाखेतल्या एका मुलाने. कसं ते सांगण्यासारखं काही नाही, त्याने चुकून मला दुसऱ्याच कुणाचा मेसेज पाठवला आणि मी त्यातली शुद्धलेखनाची चूक कळवली. त्यानंतर आठ महिने आम्ही लिहीत होतो. मी विनोद करायचे. मी! घरी ताईला सांगितलं असतं तर तिने माझा ताप बघितला असता. मग एका दुपारी कँटीनमध्ये भेटायचं ठरलं. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसलो, आणि दोघांनाही काही सुचेना. तो टेबलावरच्या ओरखड्यांवर नख फिरवत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तू चॅटवर वेगळं बोलतेस.”

मनात आलं, इथे मी बोलतच नाहीये रे. पण तोंडातून आलं, “हो.”

संध्याकाळी ते मनातलं वाक्य टाइप करून पाठवलं, तेव्हा तो खूप हसला, म्हणजे त्याने तसं लिहिलं. या प्रकाराला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. जोसेफ वॉल्थर या संज्ञापनाच्या अभ्यासकाने १९९६ मध्येच, म्हणजे आमच्या कँटीनच्या आधीच, ते मांडून ठेवलं होतं. लिहिणारा स्वतःतलं निवडून पाठवतो. वाचणाऱ्याला बाकीचं दिसत नाही, म्हणून तो रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो आणि बहुधा चांगल्याच भरतो. मग तो त्या भरलेल्या माणसाला उत्तर देतो, आणि पहिला तसा वागायला लागतो. वॉल्थर यांनी याला ‘हायपरपर्सनल’ म्हटलं. माझ्या धंद्यात सांगायचं तर आम्ही दोघं एकमेकांच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्तीशी बोलत होतो आणि त्या दुपारी टेबलावर मूळ हस्तलिखितं येऊन बसली. तो अजून लिहितो, वर्षातून पाच-सहा वेळा, लांबलचक. पुन्हा भेटायचं दोघांनीही काढलेलं नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येते. ‘टाइप करत आहे’, आणि त्याचे ते उड्या मारणारे तीन ठिपके.

ज्याने हे शोधलं त्याचा हेतू चांगला होता हे मला समजतं. समोरचा लिहितो आहे हे कळलं की आपण मध्येच तोंड घालत नाही. पण ही सोय वाट बघणाऱ्यासाठी आहे, लिहिणाऱ्यासाठी नाही. माझी वेळ मला परत मिळाली म्हणून मी चॅटकडे आले आणि या ठिपक्यांनी तिथेही घड्याळ आणून टांगलं. आत काय होतं तेही बघण्यासारखं आहे. तुम्ही अक्षर दाबलं की तुमचं अॅप पलीकडे एक निरोप धाडतं, हा लिहायला लागला. काही सेकंद हात थांबला की खूण पुसली जाते. पुन्हा दाबलं की पुन्हा निरोप. म्हणजे धीट माणसाचे ठिपके एकदा दिसतात आणि मेसेज येतो. माझे दिसतात, विझतात, दिसतात, विझतात, शेवटी दिसतात आणि पलीकडे येतं काय, तर ‘बरं’. एक्सएमपीपी नावाची चॅटची एक खुली पद्धत आहे, तिच्यात या अवस्थांना रीतसर नावं आहेत, एकूण पाच. त्यांतली एक म्हणजे ‘लिहिता लिहिता थांबला’. माझ्या उभ्या आयुष्याला यंत्राने एक स्वतंत्र अवस्था देऊ केली आहे हे वाचून मला क्षणभर कृतज्ञ वाटलं होतं.

व्हॉट्सअॅपमध्ये हे ठिपके बंद करायची सोय नाही. सिग्नल नावाच्या दुसऱ्या अॅपमध्ये आहे, सेटिंगमध्ये जाऊन एक बटण सरकवायचं. मग आपले ठिपके कुणाला दिसत नाहीत आणि कुणाचे आपल्याला. फक्त या मुद्द्यावर मी सिग्नलला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण सिग्नलवर माझी तीन माणसं आहेत आणि त्यांतली एक मीच, स्वतःला टिपणं पाठवणारी.

बाकीचे माझ्यासारखे लोक जे करतात तेच मी करते. मजकूर आधी फोनच्या टिपणवहीत लिहायचा, तिथे वाट्टेल तितका वेळ घासायचा, मग उचलून चॅटमध्ये चिकटवायचा आणि डोळे मिटून बटण दाबायचं. पलीकडच्याला वाटतं, काय झटपट उत्तर देते ही!

ठिपके तरी परवडले, असं वाटायला लावणारी एक गोष्ट घडली. एका दुकानाच्या संकेतस्थळावर उजव्या कोपऱ्यात मदतीची चॅट-खिडकी असते तशी होती. मागवलेली वस्तू चुकीची आली होती. फोन करायचा तर तो मी जन्मात केला नसता, म्हणून खिडकी उघडली. सगळं मुद्देसूद लिहिलं, पाठवलं. पलीकडची व्यक्ती जरा वेळ गप्प राहिली. तेवढ्यात भिडस्तपणा जागा झाला. मी लिहिलं, ‘जाऊ द्या, ऑर्डर देताना माझीच चूक झाली असेल’. मग वाचलं, लाज वाटली, सगळं पुसलं. पुसून होतंय तोच पलीकडून उत्तर: ‘नाही मॅडम, चूक तुमची नाही.’

अंगावर काटा आला. न पाठवलेल्या वाक्याला उत्तर! नंतर कळलं की ग्राहकसेवेच्या काही चॅट-प्रणालींमध्ये आपण टाइप करतो ते पाठवण्याआधीच पलीकडच्या कर्मचाऱ्याला दिसतं. त्याला उत्तराची तयारी लवकर करता यावी म्हणून. कल्पना नवीही नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या प्लेटो या संगणकव्यवस्थेवर टॉकोमॅटिक नावाचं चॅट होतं, त्यात प्रत्येकाचं लिखाण अक्षर-अक्षर उमटताना सगळ्यांना दिसायचं, खोडाखोडीसकट. पण तिथे बसणाऱ्यांना ते ठाऊक होतं. इथे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कर्मचाऱ्याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर तो माणूस दयाळूच होता, आणि वस्तू बदलून मिळाली. पण आता अशी खिडकी दिसली की मी टिपणवही उघडते.

निळ्या खुणांवर मी जास्त बोलणार नाही, सगळेच बोलतात. व्हॉट्सअॅपने त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या आणि पाठोपाठ बंद करायची सोय दिली. मी बंद ठेवल्या आहेत. दोन गोष्टी मात्र नवख्या बुजऱ्यांना सांगते. गटांमध्ये ही सोय लागू होत नाही, तिथे कुणी वाचलं ते कळतंच. आणि ध्वनिसंदेश ऐकलात की ती खूणही पलीकडे जाते, तुम्ही काहीही बंद केलेलं असो. ‘लास्ट सीन’ लपवता येतं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ‘ऑनलाइन’ही लपवता येतं. पण व्यवहार चोख आहे. आपलं लपवलं की दुसऱ्याचं दिसत नाही. मला हे न्याय्य वाटतं. खिडकीला पडदा लावला की आपल्यालाही रस्ता दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अॅपच्या सेटिंगमध्ये नाही. तू की तुम्ही? समोरासमोर हा प्रश्न पुटपुटत निभावता येतो, शेवटचा स्वर गिळला की झालं. लिहिताना तो पांढऱ्यावर काळा उभा राहतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण हुद्द्याने खालची, पण दोनदा घरी आलेली सहकारी, तिला काय म्हणायचं? ‘पाठवलंस का’ की ‘पाठवलंत का’? मग बुजरा माणूस समोरच्याला वगळणाऱ्या वाक्यरचनेच्या पाया पडतो. ‘मजकूर पोहोचला का?’ ‘काम झालं का?’ ‘उद्या येणं होईल का?’ समोरचा माणूस वाक्यातून गायब. काही माणसांशी मी गेली सहा वर्षं एकही सर्वनाम न वापरता बोलते आहे. व्याकरणाची एवढी कसरत छापील पुस्तकांतही दिसत नाही.

विरामचिन्हांचं तर विचारूच नका. पूर्णविराम हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, पण चॅटमध्ये ‘ठीक आहे’ आणि ‘ठीक आहे.’ यांत फरक आहे. दुसऱ्यात दार लागल्याचा आवाज येतो. ‘हो’ बरं, ‘होय’ कोर्टातलं, ‘हं’ म्हणजे ऐकलं पण पटलं नाही, ‘हम्म’ म्हणजे पळा. भाच्याने मला हे शिकवलं. एकदा त्याने विचारलं, “मावशी, माझ्यावर रागावली आहेस का?” का रे, तर मी त्याला ‘अभिनंदन.’ असं पाठवलं होतं. तेव्हापासून चॅटमधले पूर्णविराम मी खोडते. शिसपेन्सिलने समासात ते घालायचे आणि फोनवर काढायचे, दोन्ही कामं एकाच दिवशी.

पाठवलेला मेसेज परत घेण्याची सोय लाजाळूंसाठीच झाली असं वाटेल. मलाही वाटलं होतं. व्हॉट्सअॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ २०१७ च्या शेवटी आलं, तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. आता दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. पण मेसेज जातो आणि जागी पाटी राहते, इथे एक मेसेज होता आणि तो काढला आहे. वाक्य साधं असतं, पाटी मात्र रहस्यमय. ‘काय लिहिलं होतं?’ असा प्रश्न येतोच, आणि आता दोन गोष्टी समजावायच्या. त्यातून घाईत एकदा माझं बोट ‘फक्त माझ्यासाठी’ वर पडलं. म्हणजे तो मेसेज जगात एकट्या मलाच दिसेनासा झाला. (डिसेंबर २०२२ पासून पाच सेकंदांत हे उलटवता येतं. घाबरलेल्या माणसाला पाच सेकंद पुरत नाहीत.) त्यापेक्षा मे २०२३ मध्ये आलेली दुरुस्तीची सोय कितीतरी सभ्य आहे. पंधरा मिनिटांत शब्द बदलता येतो, आणि बाजूला ‘संपादित’ एवढंच बारीक अक्षरांत येतं. तो शब्द तर माझ्या मानाचा आहे.

गट. चाळीस जणांच्या गटात बोलणं म्हणजे चाळीस जणांच्या खोलीत हात वर करणं, असं मी बरीच वर्षं समजत होते आणि म्हणून सगळं वाचून गप्प राहत होते. लोक समजत, हिला रस नाही. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर मेसेजखाली प्रतिक्रिया देता यायला लागली, आधी सहाच चिन्हं, आणि माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांतली ही सगळ्यांत मोठी सुधारणा. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं पुस्तक आलं, तर नवं वाक्य रचून चाळीस फोन वाजवायची गरज नाही. एक चिन्ह ठेवलं की मी तिथे होते, मी वाचलं, मला बरं वाटलं, एवढं सगळं पोहोचतं. बोलक्या लोकांना यात आळस दिसतो. त्यांनी कधी लग्नाच्या सभागृहात भिंतीला टेकून तासभर कुणाकडे तरी नुसतं हसून काढला आहे का?

ध्वनिसंदेश मी पाठवत नाही. व्हॉट्सअॅपवर डिसेंबर २०२१ पासून पाठवण्याआधी आपलं बोलणं ऐकून बघता येतं, आणि तिथेच गाडं अडतं. कोण ऐकणार स्वतःचा आवाज आणि मग पाठवणार? टेलिग्रामवर मात्र मेसेजची वेळ ठरवून ठेवता येते, ते मी नियमाने वापरते. मला धीर रात्री साडेअकराला येतो. तेव्हा लिहायचं आणि सकाळी दहाची वेळ लावून झोपायचं. दहा वाजता रात्रीची मी बोलते आणि दिवसाची मी ऐकते.

या सगळ्यातून मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे एक शब्द. भीड ही भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकत आले, पण तोंडावर नाही म्हणणं जमलं नाही. एका प्रकाशकाचा मेसेज आला, तीनशे पानांची प्रुफं चार दिवसांत हवीत. फोन आला असता तर मी ‘बघते’ म्हणाले असते आणि चार रात्री जागले असते. टिपणवहीत मी पहिल्यांदा नऊ ओळींचं कारण लिहिलं. ते पाच ओळींवर आलं, मग दोन. मग क्षमाही काढली. ‘चार दिवसांत होणार नाही. दहा लागतील’, एवढं गेलं. पूर्णविरामासकट. दहा दिवस मिळाले.

आणि नुकसान? आहे. फोन वाजला की आता मी आधीपेक्षा जास्त दचकते. जो स्नायू कधीच मजबूत नव्हता तो आणखी वाळला. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एक अभ्यास आहे, इंटरनेटचा फायदा कुणाला होतो यावर. त्यात मनमोकळ्या लोकांना जास्त वापराने फायदा झालेला दिसला आणि अंतर्मुख लोकांना उलट तोटा. ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळतं, असं त्याचं सार. वाचून मी जरा खट्टू झाले होते, कारण माझा अनुभव निम्मा तसा आहे. दोन वर्षांपूर्वी ताईशी मेसेजवर भांडले. समोर कधीच भांडले नसते. पाच दिवस दोघी एकेक मेसेज तासून पाठवत होतो आणि माझे मेसेज जास्त चांगले होते, हेच वाईट झालं. मुद्द्याला मुद्दा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सहाव्या दिवशी तिने फोन केला. मी उचलला. ती म्हणाली, “आता वाच ते मला, तोंडाने.” मला दोन ओळींच्या पुढे वाचता आलं नाही. प्रूफ मिळालं की माणूस नेहमी शहाणाच होतो असं नाही. आता दर रविवारी तिचा फोन असतो, आणि बोलायचं काय ते मी कागदावर लिहून ठेवते. तिला माहीत आहे. कागदाची फडफड ऐकू येते म्हणते.

तारे किती, असं कुणी विचारेल. ठिपके बंद करता येत असतील तर चार, नसतील तर अडीच, आणि न पाठवलेलं वाचणाऱ्या खिडक्यांना एकही नाही. पण ठिपक्यांबद्दल मी पूर्ण खरं सांगितलेलं नाही.

आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी एक नवा मुलगा लागला. माझ्यापासून तिसऱ्या टेबलावर बसतो. सकाळी आल्यावर मान हलवतो, जाताना मान हलवतो. मागच्या महिन्यात मी तपासून पुढे दिलेल्या प्रुफांवरून त्याची नजर फिरायची होती. दुपारी माझ्या फोनवर त्याचं नाव वर आलं आणि खाली, ‘टाइप करत आहे’. विझलं. पुन्हा आलं. विझलं. मी मान वर करून बघितलं नाही. बघितलं असतं तर तो टेबलाखाली गेला असता. दोन मिनिटं झाली. मला कळलं की याला माझी चूक सापडली आहे. तीन मिनिटं. मी त्याच्या बाजूने ते वाक्य मनात जुळवून पाहिलं, कुठून सुरुवात करेल, क्षमा आधी मागेल की नंतर. मग लक्षात आलं की माझं ‘ऑनलाइन’ त्याला दिसत असणार. त्याआधीच्या आठवड्यात चाचपडताना माझ्याच हातून ती सेटिंग उलटली होती. म्हणजे त्याच्या मानेवर माझंच घड्याळ टांगलेलं होतं. मी चॅट बंद केलं, फोन टेबलावर उपडा ठेवला, बाटली घेतली आणि पाणी भरायला गेले. बाटली अर्धी भरलेली होती, ती ओतून पुन्हा भरली.

परत आले तेव्हा मेसेज आलेला होता. तीन ओळी. पान ११२ वर तळटीप दोनदा आली आहे, बहुधा मजकूर सरकवताना तसं झालं असावं, पाहून घेतलं तर बरं. तीन ओळींत एकही ‘तू’ नव्हतं, एकही ‘तुम्ही’ नव्हतं.

पान काढून बघितलं. तळटीप दोनदा होती. मी लिहिलं, ‘बरोबर आहे, चांगलं सापडलं.’ मग पूर्णविराम खोडला आणि पाठवलं.